पुढे कोणी चालायचं?



जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही पुस्तकांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहावं. पुण्याचा अप्पा बळवंत चौक असो की तालुक्याच्या गावातला एकुलता एक बुक डेपो, कानावर पडणारं वाक्य एकच : "नववीचा पूर्ण संच द्या, आणि गाईडं आली का?" पाठ्यपुस्तकातला पहिला धडा उघडायच्या आधी शेवटच्या धड्याची उत्तरं घरात येऊन पडतात. मुलाने प्रश्न पाहिलेलाही नसतो, उत्तर मात्र खाकी कव्हर घालून तयार असतं.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे या जाडजूड पुस्तकाशी माझी रोजची गाठ. पण आज मला तुम्हा पालकांशी बोलायचंय ते नुसत्या पुस्तकाबद्दल नाही. 'गाईड' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो बघा. अजिंठ्याला गेलो की गाईड करतो. पीएच.डी. करणाऱ्या भाचीचे गाईड तिला वेळ देत नसतात. धाकटी गळ्यात स्कार्फ बांधून गाईडच्या शिबिराला निघालेली असते. आणि पालकसभेत आम्ही शिक्षक हमखास म्हणतो, "याला जरा घरी गाईड करा." म्हणजे नेमकं काय करायचं, ते आम्ही सांगत नाही आणि तुम्हीही विचारत नाही. घाईच्या वेळी मग घरात जे होतं ते बहुतेकदा पहिल्या प्रकारचं, छापील गाईड होतं. प्रश्न यायचा अवकाश, आई नाहीतर बाबा उत्तर देऊन मोकळे.

या छापील गाईडने काय होतं, ते आधी सांगते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' असतं. धडा वाचून तुला काय वाटलं ते तुझ्या शब्दांत लिही, एवढीच अपेक्षा. बाजारात या स्वमताचीही तयार उत्तरं मिळतात. मग वह्या तपासायला बसावं, तर निम्म्या वर्गाचं एकाच धड्याबद्दल, त्याच क्रमाने, त्याच तीन विशेषणांसकट अगदी एकसारखं 'स्वतःचं' मत झालेलं असतं.

निबंधातली आई तर ठरलेलीच. ती पहाटे पाचला उठते, सडा-रांगोळी करते, देवापुढे दिवा लावते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवते. एका मुलाची आई दवाखान्यात परिचारिका होती, बऱ्याचदा रात्रपाळीला. पहाटे पाचला ती वॉर्डात सलाईन बदलत असायची. त्याच्या वहीत मात्र ती सडा घालत होती. मी त्याला विचारलं, "आई सकाळी घरी आली की पहिल्यांदा काय करते रे?" तो म्हणाला, "बूट काढते आणि गरम पाण्यात पाय सोडून बसते. मी चहा करून देतो तिला." मी म्हटलं, "अरे, मग हेच लिही की!" त्यावर त्याचा प्रश्न होता, "बाई, हे चालतं?"

स्वतःच्या आईबद्दल स्वतःला माहीत असलेली गोष्ट लिहिली तर चालते का, असं चौदा वर्षांचं पोर विचारतं, तेव्हा नुकसान मार्कांच्या पलीकडचं असतं. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं धरावं की छापलेलं खरं धरावं, याबद्दलचा त्याचा भरवसाच डळमळीत झालेला असतो.

आता गाईडवर सगळं खापर फोडणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, शिकवणी परवडत नाही, आई-वडील दिवसभर रानात किंवा कंपनीत असतात, तिथे संध्याकाळी अडलेल्या गणिताला त्या पुस्तकाचाच काय तो आधार असतो. म्हणून माझं मागणं एवढंच की क्रम बदला. आधी मुलाने दोन ओळी का होईना, स्वतःच्या लिहायच्या. मोडक्यातोडक्या असू देत. मग गाईड उघडायचं आणि आपलं काय सुटलं ते पाहायचं. पुस्तक तेच, पण आता ते मुलाच्या मागून येतं. घरातल्या आपल्या बोलण्यालाही हाच नियम लावून बघा.

दुसरा गाईड अजिंठ्याचा. तिथल्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, आतल्या गाभाऱ्यात भव्य बुद्धमूर्ती आहे. जाणता गाईड तिथे व्याख्यान झोडत नाही. तो प्रकाश एकदा डावीकडून टाकतो, एकदा उजवीकडून, एकदा समोरून, आणि प्रत्येक वेळी त्या चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. एका बाजूने गंभीर, दुसऱ्या बाजूने हसरा, समोरून ध्यानमग्न. मूर्तीला त्याने बोटही लावलेलं नसतं. नुसता दिवा हलवून तो विचारतो, "आता काय दिसतंय?" पाहणारा पाहतो आणि बोलतो. त्याच लेण्यांत सन, राजवंश आणि लांबी-रुंदी एका दमात म्हणून दाखवणारेही भेटतात. त्यांच्या मागून फिरणारी माणसं बाहेर आल्यावर लिंबू-सरबताची गाडी शोधतात.

समजा, मुलाला सहामाहीत गणितात बावन्न गुण पडले. "तुझं लक्षच नसतं" हा निकाल देऊन टाकायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. त्याऐवजी पेपर समोर ठेवून विचारता येतं : कोणतं गणित येत असून सुटलं? कोणतं आलंच नाही? कुठे वेळ गेला? येत असून सुटलं असेल तर सरावाचा प्रश्न आहे. आलंच नसेल तर मागच्या इयत्तेतलं काहीतरी कच्चं आहे, बहुतेकदा अपूर्णांक नाहीतर बैजिक राशी. वेळ गेला असेल तर पेपर सोडवायचा क्रम बदलून पाहायचा. गुण बावन्नच राहिले, पण मुलाला स्वतःच्या पेपरात तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या. तुम्ही प्रकाशाची जागा बदललीत. आणि यासाठी तुम्हाला स्वतःला ते गणित यावंच लागतं असं नाही, बरं का.

तिसरा गाईड गोष्टीतला आहे, राजू. आर. के. नारायण यांची 'द गाईड' ही कादंबरी १९५८ची. १९६५ साली तिच्यावर सिनेमा आला, त्यामुळे देव आनंदचा राजू आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतो. कादंबरीतला राजू मालगुडी स्टेशनावरचा दुकानदार. प्रवासी येतात, हे कुठे, ते कुठे विचारतात, आणि 'मला माहीत नाही' हे शब्द राजूच्या तोंडून कधी निघतच नाहीत. ठिकाण पाहिलेलं नसलं तरी तो सांगून टाकतो. त्याची गाईडगिरी या सवयीतून सुरू होते आणि पुढचे बरेच घोटाळेही तिच्यातूनच होतात.

दहावीच्या निकालानंतरच्या पंधरवड्यात घरोघरी हा राजू बसलेला असतो. "सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात." हे वाक्य काका म्हणतात, शेजारी म्हणतात, लग्नात भेटलेले पाहुणेही म्हणतात. त्यात तथ्य आहेच. विज्ञान शाखेची बारावी करून कला किंवा वाणिज्यकडे वळता येतं, उलट सहसा जमत नाही. पण ज्या मुलीला भौतिकशास्त्रात काडीचा रस नाही, तिने दरवाजे उघडे ठेवण्यासाठी दोन वर्षं त्याच खोलीत बसायचं, तर बाहेर पडताना तिच्या हातात कमी गुण आणि 'आपल्याला काही जमत नाही' ही समजूत एवढंच उरतं. मग दरवाजा उघडा असून उपयोग काय?

शिवाय आपली माहिती शिळी झालेली असते. आपण दहावी होऊन वीस-पंचवीस वर्षं लोटली. खडकवासल्याच्या एनडीएत मुलींना प्रवेश नाही, हे आपण इतकी वर्षं धरूनच चाललो होतो. २०२२पासून मुली तिथे शिकतात आणि २०२५ साली त्यांची पहिली तुकडी बाहेरही पडली. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे ठाऊक असूनही पदविका म्हणजे कमी गुणवाल्यांची सोय, ही जुनी समजूत सुटत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. पण शेतकऱ्याच्या घरातही 'शेतीचं काय शिकायचं?' असाच सूर निघतो. अशा वेळी "मला नक्की माहीत नाही, चल, माहीत असणाऱ्याला विचारू" हे वाक्य मुलासमोर म्हणायला हरकत नाही. त्याने आईबापाचा मान जात नाही. उलट माहिती कशी काढायची, कोणाचं किती खरं धरायचं, हे मूल तुमच्याबरोबर हिंडून शिकतं.

व्यवसाय-मार्गदर्शनाला शिस्त लावणारं पहिलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतले फ्रँक पार्सन्स. त्यांनी १९०८ साली बॉस्टन शहरात तरुणांसाठी असं एक केंद्र काढलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ साली आलं. त्यांची मांडणी साधी होती. आधी स्वतःला ओळखा : आवड, कुवत, मर्यादा. मग कामांची माहिती घ्या : त्यात दिवसभर करायचं काय, पैसे किती, पुढे वाव किती. आणि मग या दोन्हींचा मेळ घाला. मेळ घालायला मदत करता येते, पण एकाचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं. आपल्याकडे २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू झाली, तेव्हा तिच्याकडूनही घरोघरी एकच अपेक्षा होती : 'काय व्हायचं ते कागदावर येऊ दे.' चाचणी कल दाखवते, भविष्य सांगत नाही. त्या कागदावरून बोलणं सुरू व्हायला हवं, आपण त्यावर बोलणं संपवतो.

आता विद्यापीठातला गाईड. प्रबंधावर नाव विद्यार्थ्याचं असतं, गाईडचं त्याखाली. चांगला गाईड प्रकरणं लिहून देत नाही. "हे कशावरून म्हणतेस?" असं विचारून तो लिहिणारीला जेरीस आणतो, कारण तोंडी परीक्षेला तिलाच उभं राहायचंय. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला नेमकं उलटं दिसतं. टेबलावर देखणं मॉडेल, दिवे लागतात, पंखा फिरतो. बाबांनी दोन रात्री जागून सोल्डरिंग केलेलं असतं. परीक्षक विचारतात, "ही वायर काढली तर काय होईल?" आणि मूल गर्दीत बाबांना शोधतं. शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याचं वाकडंतिकडं पवनमापक असतं, पण ते करणारी मुलगी सांगते, "आधी कागदाचे कप लावले होते, ते भिजले. मग आईस्क्रीमचे लावले." बक्षीस कोणाला मिळालं ते सोडून द्या. दोघांपैकी प्रकल्प कोणी केला, हे तुम्हाला मला दोघांना कळतं, आणि मुलांना तर सगळ्यात आधी कळतं.

एवढं ऐकल्यावर तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, "बाई, म्हणजे आम्ही नुसते प्रश्न विचारत बसायचं? सांगायचं काहीच नाही?" रास्त शंका आहे. तिच्यासाठी मी तुम्हाला सह्याद्रीतल्या वाटाड्याकडे नेते. कळसूबाईच्या रांगेतल्या अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांवर जाणारी मंडळी पायथ्याच्या आंबेवाडीतून कोणालातरी बरोबर घेतात. कारण उघड आहे. रानात ढोरवाटांचं जाळं असतं, खरी वाट कोणती ते नवख्याला कळत नाही. मागच्या वर्षीची वाट यंदाच्या पावसात दरडीखाली गेलेली असू शकते. त्यात अलंग आणि मदनच्या कातळातल्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवलेल्या.

त्या वाटाड्याची चाल नीट बघा. ढोरवाटांच्या गुंत्यात तो पुढे असतो. कड्याच्या टप्प्यावर तर तो आधी वर चढतो, दोर बांधतो आणि तिथे त्याचाच शब्द चालतो. "पाय इथं ठेवा" म्हटलं की तिथेच ठेवायचा, वाद नाही. पण पठारावर आलं की तो मागे रेंगाळतो, बिडी काढतो आणि म्हणतो, "चला तुमी म्होरं, वाट मळल्याली हाय." पुढे तुम्ही थोडे भरकटलात तरी तो लगेच ओरडत नाही. तिथे भरकटण्याने जिवाला धोका नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कडा कोणता आणि पठार कोणतं, हे ओळखणं हेच पालकांचं काम आहे. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी, परवान्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. कोणालाही ओटीपी सांगायचा नाही. पोहता येत नसताना धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. फोनवर कोणी अनोळखी माणूस फोटो मागत असेल, तर ओरडा बसेल या भीतीने लपवायचं नाही, त्याच दिवशी घरी सांगायचं. हे कडे आहेत. इथे पुढे तुम्हीच चाला, ठामपणे आणि न कंटाळता. पण वहीला कव्हर कोणतं, केस कसे, अभ्यास पहाटे की रात्री, चित्रकलेचा क्लास की कबड्डी, मित्राशी अबोला किती दिवस, ही सगळी पठारं. आपली बहुतेक भांडणं पठारावर होतात आणि कड्यापाशी पोचेपर्यंत आपला आवाज बसलेला असतो. रोज केसांवरून बोलणाऱ्या आईला ओटीपीची गोष्ट सांगायला मूल येत नाही, कारण तिथेही ओरडाच बसेल असं ते धरून चालतं.

शेवटचा गाईड मला सगळ्यात जवळचा. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमध्ये मुलांसाठी स्काऊट चळवळ सुरू केली, तेव्हा मुलींना कोणी बोलावलं नव्हतं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली आपणहून गणवेश घालून हजर झाल्या आणि 'आम्हालाही यायचंय' म्हणाल्या. १९१०मध्ये त्यांच्यासाठी वेगळी संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस तिचं काम पाहू लागली. नाव ठेवलं गाईड. ते नाव आपल्याच बाजूचं. वायव्य सरहद्दीवर, पेशावरला १८४६ साली उभ्या राहिलेल्या 'कोअर ऑफ गाईड्स' या पलटणीवरून ते घेतलेलं. लवकरच, १९११ साली, ही चळवळ जबलपूरमार्गे भारतात आली. जगभरच्या गाईडांची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं एक, 'संगम', १९६६पासून आपल्या पुण्यात आहे.

या चळवळीत गाईड म्हणतात कोणाला? बाईंना नाही, दहा-बारा वर्षांच्या त्या मुलीला. वाट शोधायची तिने, चूल पेटवायची तिने, बिनभांड्याचा स्वयंपाक करायचा तिने, आणि खोजचिन्हं मांडून मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची तीही तिनेच. बाण म्हणजे इकडून या, फुली म्हणजे इकडे जाऊ नका. मोठी माणसं आसपास असतात, नाही असं नाही. पण गाईड ती.

आणि या चळवळीतल्या 'खऱ्या कमाई'च्या दिवशी आपण काय करतो? मुलांनी स्वतः काहीतरी करून विकावं आणि चार पैसे मिळवावेत, यासाठी तो उपक्रम. भेळ आई कालवते, डबे बाबा स्कूटरवरून आणतात आणि दुपारपर्यंत दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून सगळी भेळ विकत घेतात. मूल गल्ल्यावर बसून सुट्टे पैसे मोजतं. कमाई झाली, खरी मात्र झाली नाही.

म्हणून माझं एक सुचवणं आहे, दिवाळीच्या सुट्टीसाठी. एका दिवसाची सहल ठरवा आणि ती सगळी मुलाच्या, मुलीच्या हाती द्या. ठिकाण तिने निवडायचं. एसटी किती वाजता, तिकीट किती, परतीची शेवटची गाडी कोणती, हे स्थानकावर जाऊन तिने विचारायचं. ठरावीक पैसे आधीच तिच्या हातात द्यायचे आणि जेवण, चहा, फुलं, प्रसाद सगळं त्यातच बसवायचं. तुम्ही मागून चालायचं. ती चुकीच्या फलाटावर उभी राहिली तरी गप्प बसायचं. गाडी चुकली तर पुढची येतेच, आणि चुकलेली गाडी कोणत्या फलाटावर लागते ते ती जन्मभर विसरत नाही. शेवटची गाडी चुकायची वेळ आली, तर मात्र तो कडा समजा आणि बोला.

जीभ चावून गप्प बसणं तुम्हाला फार अवघड जाणार आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते. वर्षानुवर्षं वर्गात फळ्यापुढे उभी राहून मलाही ते सहज जमत नाही. पण सुट्टी संपल्यावर शाळेत ती मला सहलीची गोष्ट सांगायला येईल, तेव्हा 'आम्हाला नेलं' असं न म्हणता 'मी सगळ्यांना नेलं' असं म्हणेल. त्यावर तिला एक निबंधही लिहायला सांगेन म्हणते. त्याचं तयार उत्तर कुठल्याच दुकानात मिळणार नाही.